सात पोरांची शाळा अन् चिनी लेखक

मागच्या महिन्यात टोरांटोहून मॉन्ट्रियलला ट्रेननं चाललो होतो, पाच-साडेपाच तासांचा प्रवास, फोन बघून बघून कंटाळलो तेव्हा शेजारच्या आजींनी त्यांचं वाचून झालेलं पुस्तक दिलं. ल्यू त्सशिन, चिनी विज्ञानकथा लेखक. २०१५ ला कादंबरीसाठी ह्युगो हा विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार मिळवणारा पहिला आशियाई लेखक म्हणून नाव ऐकून होतो, वाचलं मात्र काहीच नव्हतं. आता हा माझा लेखक झालाय. हा माणूस चीनच्या शान्शी प्रांतातल्या कोळशाच्या पट्ट्यात एका पॉवर प्लांटवर इंजिनियर होता अन् नोकरी सांभाळून लिहीत होता. मी परळीजवळचा, थर्मलच्या चिमण्या बघत मोठा झालो, त्यामुळं हे वाचूनच जवळचा वाटायला लागला.

त्यातली एक गोष्ट डोक्यातून जाईना. खेड्यातला मास्तर, कॅन्सरनं शेवटाला आलेला, लेकरांकडून न्यूटनचे तीन नियम पाठ करून घेतो, अर्थ नंतर कळेल म्हणतो. तिकडं आकाशगंगेत युद्ध चाललंय, परग्रहवाले तारे उडवत निघालेत, पण उडवायच्या आधी तिथं अक्कल असलेले जीव आहेत का याची परीक्षा घेतात. नेमकी हीच लेकरं सापडतात, नियम धडाधडा म्हणतात अन् सूर्य वाचतो. परग्रहवाल्यांना नवल याचं वाटतं की या जिवांना आठवणी जन्मतः मिळत नाहीत, मग ज्ञान पुढं जातं कसं, तर मास्तर नावाची माणसं असतात म्हणून. वाटेतलं किंग्स्टन स्टेशन गेलं तरी मी खिडकीबाहेरच बघत होतो.

कारण त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर वाद पेटला होता. २०२३ ला सरकारनं २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं काढलं तेव्हापासून हा विषय दर काही महिन्यांनी येतोच. पुण्यातला एक मित्र म्हणला, सात पोरांसाठी दोन मास्तर कशाला, कॅनडात बघ कशी पिवळी बस येते. आता बस येते हे खरंय, माझी पोरगी रोज त्यातच जाते. पण इथं कॅनडात, ओंटारियो प्रांतातसुद्धा गावच्या शाळा बंद पडायला लागल्या तर पालक उठले, २०१७ पासून शाळा बंद करायच्या प्रक्रियेवर स्थगिती आहे, हे कोणी सांगत नाही. आणि आपल्याकडं पट कमी का होतो ते तरी बघा, दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात, लेकरं सोबत. तांड्यावरची शाळा गेली तर पाच किलोमीटरवर बस कोण पाठवणारय? सगळ्यात आधी पोरींची शाळा सुटते, हे आम्ही डोळ्यानं बघितलंय.

मला तरी पटलंय की सात लेकरांची शाळा चालवणं हा खर्च नाही. घोकंपट्टी घोकंपट्टी म्हणून आपण ज्या मास्तरांना नावं ठेवली त्यांच्याच पाठांतरावर मी इथवर आलो.

रविवारी माझ्या गुरुजींना फोन लावला, रिटायर होऊन बारा वर्षं झाली त्यांना. अख्खी गोष्ट सांगितली, परग्रहवाल्यांसकट. शांतपणे ऐकलं त्यांनी, मग पहिलाच प्रश्न, "त्या शाळेचा पट किती होता रे?"

म्हणलं, कमीच होता गुरुजी.