पुरातन शहरात रेस भरवू पाहणाऱ्यांसाठी

तुमच्या शहराला सात-आठशे वर्षांचा इतिहास आहे, तटबंदी शाबूत आहे, गल्ल्या अरुंद आहेत आणि तिजोरीत पैसा उतू चाललाय? मग वाट कसली बघताय? फॉर्म्युला वनला आवतण द्या. अझरबैजानच्या बाकूने तेच केलं आणि आता सगळं जग बाकूला ओळखतं. निदान रेसच्या रविवारी, दोन तास तरी.

2016 च्या पहिल्या रेसचं नाव होतं युरोपियन ग्रां प्री. बाकू कॅस्पियनच्या काठावर आहे, असला शाळेतला भूगोल मध्ये आणू नका. पैसे मोजणाऱ्याला खंड निवडायची मुभा असते.

सर्किट आखायला हर्मान टिल्केंना बोलवा. बाकूत त्यांनी सहा किलोमीटरचा फेरा आखला. एका अंगाला दोन किलोमीटरहून लांब सरळ रस्ता, जिथे गाड्या ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातात. दुसऱ्या अंगाला इचेरी शेहेर, म्हणजे जुनं शहर, आणि त्याच्या तटाला खेटून चढणारं आठवं वळण. तिथे रस्ता 7.6 मीटर आणि गाडीच जवळपास दोन मीटर रुंद. ‘जरा अडचणीचं नाही का होत?’ असं विचारणारा एखादा इंजिनीअर बैठकीत निघतोच. त्याला चहा पाजा. अडचण आहे म्हणून तर लोक बघतात! 2019 च्या पात्रता फेरीत त्या वळणावर आधी कुबित्सा हा ड्रायव्हर आपटला, मग दुसरा, लक्लेर. लक्लेरने रेडिओवर स्वतःलाच मूर्ख म्हणून घेतलं. रस्ता आखणाऱ्यांचं नाव निघालं नाही.

राहिली दगडी फरसबंदी. ती या गाड्यांच्या कंबरेला सोसत नाही. मग पहिल्या वर्षी बाकूत केलं तसं करा: त्या दगडांवर तात्पुरतं डांबर ओता, रेस झाली की उखडून काढा. पाहुण्यांना इतिहास दाखवायचा, तर आधी तो झाकायला नको का? युनेस्कोचीही धास्ती नको. इचेरी शेहेर 2000 मध्ये जागतिक वारसा झालं, 2003 मध्ये ‘धोक्यातील वारसा’ झालं आणि 2009 मध्ये त्या यादीतून सुटलं. रेस येईपर्यंत कागद स्वच्छ!

रहिवाशांना महिनाभर वळसा घालून दूध आणू द्या. व्यायाम होतो.

फक्त गटाराच्या झाकणांचं तेवढं बघा. 2019 च्या शुक्रवारी पहिल्याच सरावात एक झाकण उसळलं आणि विल्यम्स संघाच्या रसेलच्या गाडीचा तळ फाटला. सराव थांबला. गाडी ट्रकवर घातली, तर ट्रकची क्रेन पुलाला थडकली आणि तिचं तेल गळलं ते नेमकं त्याच विल्यम्सवर! शहराने पाहुण्याला न्हाऊ-माखू घालायचं म्हणजे किती.

पण याचाही बाऊ करू नका. 2023 मध्ये लास वेगासला असंच एक झाकण साइन्झच्या फेरारीखाली उसळलं. बॅटरी बदलावी लागली आणि नियमावर बोट ठेवून पंचांनी सुरुवातीच्या रांगेत दहा जागा मागे ढकललं ते साइन्झलाच. तेव्हा झाकणांचं कंत्राट खुशाल मेव्हण्याला द्या.