‘ताई, लॅबमध्ये कधी उभ्या राहिलात का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना केमिस्ट’ यांस,

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा लोकलमध्ये, दादर ते ठाणे, उभ्याने. दुसऱ्यांदा घरी, चहा घेऊन, कारण वाटलं की पहिल्या वेळी गर्दीमुळे डोकं तापलं असेल. गर्दीमुळे नव्हतं.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं की विद्यापीठांतल्या संशोधन प्रयोगशाळांचे सेफ्टी प्लॅन दुसरीकडून उतरवून घेऊ नयेत. ज्या टेबलावर काम चालतं तिथल्याच माणसांनी बसून ते लिहावेत: काय वापरतो, किती वापरतो, कुठे ठेवतो, आणि बिघडलं तर पहिल्या मिनिटात कोण काय करणार. त्यावर आपण लिहिता:

‘ताई, लेख छान, पण गूगल करून लिहिलेला दिसतो. लॅबमध्ये कधी उभ्या राहिलात का? अनुभवी माणसाला प्लॅन लागत नाही, त्याचे हातच त्याला सांगतात. प्लॅन म्हणजे नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायलीत लावायचे कागदी घोडे. इथे आयवॉशला (डोळे धुवायच्या फवाऱ्याला) पैसे नाहीत, अटेंडंट कंत्राटी, आणि उद्या पीएचडीचा मुलगा भाजला तर जबाबदार कोण हे कुठल्याच कागदावर नाही. त्याचं बोला. आणि ईथर ३६ला उकळत नाही.’

आधी ईथर. आपलं बरोबर आहे. डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतं, मी ३६ लिहिलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. (मे महिन्यात पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये पडलेल्या कॅनला या दीड अंशाने काय फरक पडतो, ते आपणच सांगा. पण चूक ती चूक.)

आता ‘ताई’. मला भाजीवाला ताई म्हणतो, बेस्टचा कंडक्टर म्हणतो, आणि मला ते आवडतं. ‘ताई, पुढे सरका’ यात काही खोच नसते. ‘ताई, लेख छान, पण’ यात असते. हाच लेख कुणा सरांच्या नावाने आला असता तर ‘दादा, कधी उभे राहिलात का’ असं आपण विचारलं असतं? मला नाही वाटत.

तर, उभी राहिले. १९८७ ते २०१६, मुंबईतल्याच एका रसायनशास्त्र विभागात. पायातल्या व्हेरिकोज व्हेन्स आहेत पुराव्याला. गूगलवर त्या मिळत नाहीत.

आणि ‘हातच सांगतात’ म्हणता ना, माझ्या हातांनी मला काय सांगितलं ते ऐका. १९९५चा जून. पाऊस नुकताच लागलेला, खिडक्या बंद. मी काचेची भांडी नायट्रिक ॲसिडने धुतली आणि उरलेलं ॲसिड हूडमधल्या, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटातल्या, अडीच लिटरच्या बाटलीत ओतलं. बाटलीवर मार्करने नुसतं ‘वेस्ट’. तळाशी आदल्या दिवशीचं, कुणीतरी टाकलेलं थोडं अल्कोहोल होतं. मी कुणाला विचारलं नाही. बूच फिरवलं, अगदी घट्ट, कारण टापटिपीची सवय, आणि चहाला गेले. वीसेक मिनिटं काहीच झालं नाही. ही रिॲक्शन तशीच असते, आधी गप्प बसते, मग एकदम वायू सोडते. मी परत येऊन दारात पोचले आणि बाटली फुटली. हूडची काच खाली ओढलेली होती म्हणून आज हे टाइप करते आहे. विटकरी धूर दारापर्यंत आला. आमच्या लॅबच्या अटेंडंट मामांनी दंडाला धरून मला जिन्यापर्यंत ओढत नेलं. हूडच्या मागच्या फळीत रुतलेल्या काचा दुसऱ्या दिवशी चिमट्याने उपटाव्या लागल्या.

माझे हात तेव्हा आठ वर्षांचे अनुभवी होते. ते म्हणाले, घट्ट फिरव.

विभागप्रमुख म्हणाले, झालं ते झालं, बाहेर बोलू नका. कुठेही नोंद झाली नाही. पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावर हेच पुन्हा घडलं, तिथेही एक अनुभवी माणूसच होता.

आपल्याला माझा अनुभव पुरणार नाही, तर मोठ्यांचा घ्या. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या कॅरन वेटरहान विषारी धातूंवर काम करणाऱ्या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञ. ऑगस्ट १९९६मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या जहाल विषारी संयुगाचे थोडे थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. हूड होतं, मोजे होते, अनुभव तर होताच. तो द्रव मोज्याच्या लॅटेक्स रबरातून १५ सेकंदांच्या आत पार होतो, हे चाचण्या झाल्या तेव्हा कळलं. जून १९९७मध्ये त्या गेल्या. त्यांच्या हातांनी त्यांना काही सांगितलं नाही हो. सांगू शकतच नव्हते.

किंवा टेक्सस टेक विद्यापीठ, जानेवारी २०१०. निकेल हायड्राझिन परक्लोरेट हे स्फोटक १०० मिलिग्रॅमच्या वर बनवायचं नाही, हे तिथे ठरलेलं होतं. तोंडी. विद्यार्थ्याने १० ग्रॅमच्या आसपास बनवलं, खलात गुठळ्या फोडायला घेतल्या आणि तीन बोटं गमावली. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या चौकशीत निघालं ते हेच: मर्यादा कुठे लिहिलेली नव्हती, आणि आधी झालेल्या लहान घटनांमधून कुणी काही शिकलं नव्हतं. आमच्या ‘बाहेर बोलू नका’सारखंच.

अनुभव हवाच. पण तो एकाच माणसाच्या डोक्यात असला की काय होतं, ते मी मुंबईतच पाहिलं. आमचं स्टोअर तळमजल्यावर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री स्टोअरमध्ये गुडघाभर पाणी होतं, आणि पाणी लागलं की पेट घेणाऱ्या, म्हणून रॉकेलमध्ये बुडवलेल्या सोडियमची बाटली कुठल्या फळीवर आहे हे एकट्या मामांना माहीत होतं. मामा कुर्ल्याला अडकलेले. फोन लागत नव्हते. आम्ही तिघं टॉर्च घेऊन दारात उभे, आत जावं की पळावं ते कळेना. सोडियम वरच्या फळीवर निघालं. नशीब, बाकी काही नाही. ‘सोडियम: डावीकडचं कपाट, वरून दुसरी फळी’ ही एक ओळ दारावर असती तर तो कागदी घोडा मी डोक्यावर घेऊन नाचले असते.

कागदी घोडे असतात, हे मी नाकारत नाही. मुंबईतल्या एका विभागाचा साठ पानी प्लॅन मी स्वतः पाहिला आहे. त्यात बर्फाच्या वादळात लॅब कशी बंद करावी ते आहे आणि आग लागल्यास ९११ हा अमेरिकेतला नंबर फिरवा असंही आहे. (अग्निशमन दलाचा नंबर १०१. पानभर शोधला, सापडला नाही.) त्याच विभागाच्या कपाटात बाटल्या इंग्रजी अक्षरांनुसार लावलेल्या होत्या. त्यामुळे एचच्या खणात हायड्राझिन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड शेजारी शेजारी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचं मेसरश्मिट १६३ हे रॉकेट विमान याच जोडीवर उडायचं. कपाटातलं पेरॉक्साइड तितकं कडक नसतं, मान्य. पण म्हणून त्यांचा संसार मांडून द्यायचा? एसच्या खणात सोडियम सायनाइड आणि सल्फ्युरिक ॲसिड. दोन्ही फुटले तर हायड्रोजन सायनाइड, जीवघेणा वायू. अशा वेळी आपले अनुभवी हात कुठली बाटली आधी उचलणार?

आणि कागद नसला की काय होतं, त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं किरणोत्सारी कोबाल्ट-६०चं यंत्र १९८५पासून बंद पडून होतं. फेब्रुवारी २०१०मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते तोडलं. एक माणूस मेला, बाकीचे होरपळले. डेड स्टॉक रजिस्टर, निर्लेखन समिती, सह्या, हे सगळं आपल्याकडे टेबल-खुर्चीसाठीसुद्धा असतं. आत काय आहे, हे ठळकपणे लिहिणारी एक ओळ पुरली असती. हा घोडा कुणी नाचवला नाही.

उरलं आयवॉश, कंत्राटी अटेंडंट आणि जबाबदारी. आयवॉशला पैसे नसतील तर सिंकच्या नळाला रबरी नळी लावा. पंधरा मिनिटं सलग पाणी मारता आलं पाहिजे, एवढंच. बाकी दोन्ही विषय मोठे आहेत, माझ्या लेखाचा तो विषय नव्हता, आणि दोन ओळींच्या टोमण्याला त्यावर प्रबंध लिहीत बसायला मला वेळ नाही. जबाबदार कोण, असं विचारता. तुम्ही स्वतः जुने केमिस्ट ना? मग तुमच्या काळात कोण होतं? पुन्हा कधीतरी लिहीन त्यावर.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही आणि उडवणारही नाही. तिच्याखाली तुमच्या कुणा स्नेह्यांनी ‘काकूंना झोंबलं वाटतं’ असं टाकलं होतं, तेवढं काढलं आहे.