तलवार सोपी, शेकोटी अवघड

आमच्या ख्रिस्ती व्हॉट्सॲप ग्रुपांवर हल्ली एकच सूर असतो: आता गप्प बसायचं नाही, जशास तसं उत्तर द्यायचं. कुठल्याशा गावात घरातली प्रार्थनासभा बंद पाडल्याचा व्हिडिओ येतो आणि त्याखाली त्वेषाचा पूर लोटतो. त्रास खरा आहे. खेड्यातल्या पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, काय सोसावं लागतं ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून मला कळतं, असा माझा दावा नाही. पण त्या त्वेषाला धाडस म्हणायला माझं मन धजत नाही.

येशूच्या शिष्याचं, पेत्राचंच बघा. गेथशेमानेच्या बागेत येशूला धरायला शिपाई आले, मशाली, हत्यारं, सगळा लवाजमा. पेत्राने तलवार उपसली आणि महायाजकाच्या दासाचा कान छाटला. भ्याला नाही गडी. प्रभूनेच त्याला तलवार म्यानात घालायला लावली. आणि त्याच रात्री अंगणात शेकोटीपाशी हात शेकत असताना विचारलं कुणी? एका दासीने. तूही त्याच्यातलाच ना, एवढंच. तिच्या हातात ना काठी ना कायदा. तिथे मात्र त्याची बोबडी वळली, मी त्याला ओळखतच नाही म्हणाला.

आमची शेकोटी म्हणजे ऑफिसचं कँटीन. "आडनाव तर आपलंच आहे, मग ख्रिश्चन कसे तुम्ही?" प्रश्न हसत येतो. त्यामागून हळूच दुसरा: "आजोबांना काय दिलं होतं मिशनवाल्यांनी?" फेसबुकवर वाघ असलेले आमचे कितीतरी लोक इथे विषय बदलतात. नाताळच्या रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' लिहिणारे मला माहीत आहेत.

मी सांगते काय दिलं ते. आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं. 1876 ते 78 च्या दुष्काळात अमेरिकन मराठी मिशनने माणसांना काम दिलं, धान्य दिलं, आणि त्यानंतर गावोगावची अस्पृश्य कुटुंबं मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. हे लपवायचं कशाला? ज्यांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता त्यांना कुणीतरी शेजारी बसवलं, पाटी-पेन्सिल हातात दिली. भुकेल्याने भाकरी घेतली यात लाज भुकेल्याची नाही. आणि ती भाकरी संपून पिढ्या गेल्या. आज या श्रद्धेचे भौतिक फायदे काय, ते खालच्या परिच्छेदात वाचा.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की आरक्षणासारख्या सवलती जातात. शिखांचा समावेश 1956 मध्ये झाला, बौद्धांचा 1990 मध्ये. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईंना याच कारणाने अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. म्हणजे तांदळासाठी धर्म बदलल्याचा टोमणा ज्यांना मारता, त्यांनी धर्म उघड सांगितला की ताटातलं जातं. म्हणून मराठवाड्यात, नगरकडे कितीतरी घरांत कागदावर एक आणि रविवारी एक असं चालतं. आमचे काही उपदेशक व्यासपीठावरून या लोकांना भेकड म्हणतात. ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक उठते. ज्याच्या पोराची फी त्या दाखल्यावर अवलंबून आहे, त्याच्या धाडसाचं मोजमाप संस्थेच्या बंगल्यात राहणाऱ्याने करू नये.

मग धाडस कुणाचं मानायचं? मी पंडिता रमाबाईंचं मानते. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा इकडे महाराष्ट्रात खळबळ उडाली. पण मला जास्त भावतं ते पुढचं. ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्यापुढेही ही बाई वाकली नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच, या त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद घातला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्याकडे संस्कृत आहे की, असं विचारलं. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेही निमूट ऐकून घेतलं नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या दावणीला जाणार नाही, हा त्यांचा बाणा. आमच्या चर्चमंडळ्यांत रमाबाईंचा फोटो असतो, हा भाग मात्र कुणी सांगत नाही.

1893 मध्ये पुण्यात शारदासदनावर, विधवा आणि मुलींसाठीच्या त्यांच्या शाळेवर, वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही हिंदू मुली येऊन बसत. 'केसरी'ने झोड उठवली. रानडे, भांडारकरांसारखी सुधारक माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालक मुलींना घेऊन गेले. दार लावून घेतलं असतं तर कदाचित सगळं निभावलं असतं. त्यांनी लावलं नाही. त्या कुणावर तुटूनही पडल्या नाहीत. पुढे दुष्काळात अनाथ, विधवा मुली गोळा करून केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं, आणि हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणण्याचं काम 1922 मध्ये मरेपर्यंत केलं.

टिळकांचंही तेच. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. एवढं होऊनही माणूस अभंगच लिहीत राहिला. विरोध करणाऱ्यांना भाषा आणि संत आंदण देऊन ते निघून गेले नाहीत.

अलीकडचं उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाला ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष म्हणून काहींना खपलं नाही, आयोजकांना धमक्यांचे फोन आले. ज्या माणसाने वसईची हिरवाई वाचवायला गुंडांशी पंगा घेतला, बायबल सोप्या मराठीत आणलं, त्याला मराठीपणाचा दाखला मागणारे हे कोण! आजारी असतानाही ते संमेलनाला गेले, बोलले. त्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि ज्ञानोबा-तुकोबाही सोडले नाहीत.

म्हणून आमच्या तरुण पोरांना माझं सांगणं एवढंच, की रात्री कॉमेंटमध्ये तलवारबाजी करून दमण्यापेक्षा रजेच्या अर्जावर सरळ 'नाताळ' लिहा. कुणी आजोबांबद्दल विचारलं तर बसून सगळी गोष्ट सांगा, दुष्काळासकट. विचारणारा नेहमीच शत्रू नसतो. बऱ्याचदा त्याला खरंच माहीत नसतं, कारण आपण कधी सांगितलेलं नसतं.

आणि खाली 'तांदूळ' लिहायला येणाऱ्यांनो, या. ब्लॉक करणार नाही. फक्त आधी एकदा पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी पकडून केडगावला उतरा. मुक्ती मिशन अजून चालू आहे.