घामातून चरबी जात नाही

एप्रिल लागला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि व्हॉट्सॲपवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो: 'घाम म्हणजे वितळलेली चरबी. भर उन्हात चाला, पोटाला प्लॅस्टिक गुंडाळा. उष्णतेने चरबीचे बंध तुटून ऊर्जा बाहेर पडते. गार पाणी पिऊ नका, चरबी गोठते.' सिद्धेश्वर तलावाकाठी रोज चालणारी शिकलेली मंडळीही तो पुढे ढकलतात.

आधी 'वितळते'. तूप वितळलं तरी तूपच राहतं, उष्मांकही तेवढेच. शिवाय अंगातली चरबी 37 अंशांना बरीचशी पातळच असते.

'बंध तुटून ऊर्जा' हे तर शाळेपासून डोक्यात बसलेलं. बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते. चरबीतला कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनशी जुळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, तेव्हा नव्या बंधांमुळे खर्चापेक्षा जास्त ऊर्जा सुटते. ही वरकड ग्रॅममागे सुमारे 9 किलोकॅलरी. पेशी हे काम विकरांकरवी (एन्झाइम) टप्प्याटप्प्यानं उरकते, काही ऊर्जा एटीपी या तिच्या कामाला लागणाऱ्या रेणूत साठवते, बाकीची उष्णता होते. त्यासाठी ऊन लागत नाही. लागतो ऑक्सिजन, आणि स्नायूंना काहीतरी काम.

मग चरबी जाते कुठं? 10 किलो पूर्ण जळली तर साधारण 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे जाते, 1.6 किलोचं पाणी होतं. घामात असतं मुख्यतः पाणी आणि मीठ. म्हणून काट्यावर उतरलेला किलो लिटरभर पाणी प्यायलं की परत येतो.

कुणी हुशार म्हणेल, लिटरभर घाम सुकताना 580 किलोकॅलरी नेतो ना? नेतो. पण ती उष्णता आधीच तयार झालेली, त्यात उन्हानं अंगात घातलेलीही आली. ती बाहेर टाकण्यासाठी चरबी जास्त जळत नाही. प्लॅस्टिक गुंडाळलं तर घाम सुकतच नाही, अंग तापत जातं. मे महिन्यात हा सल्ला थेट उष्माघाताकडे नेणारा आहे. मेसेजमधलं बाकीचं हसण्यावारी नेता येईल, हे नाही.

राहिलं गार पाणी. चरबी गोठत नाही. आणि 'गार पाण्यानं वजन उतरतं' म्हणणाऱ्या उलट्या गटानंही ऐकावं: 5 अंशांचं अर्धा लिटर पाणी 37 अंशांवर आणायला जेमतेम 16 किलोकॅलरी लागतात. चमचाभर शेंगा चटणीत त्याहून जास्त असतात.