'मोठं झालं की आकडी जाते': पण कोणती आकडी?

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: तान्ह्या बाळाच्या आकडीवर मेंदूचं ऑपरेशन म्हणजे निव्वळ धंदा. आकडी वयाबरोबर जाते, अर्धा मेंदू काढला तर मूल लोळागोळा होतं, पाच वर्षांचं होईपर्यंत औषधं बदलत राहा.

वयाबरोबर जाते ती मुख्यतः तापातली आकडी. आपल्या आत्या-मावश्यांनी पाहिलेली बहुधा हीच. ऑपरेशनचा विषय निघतो तो वेगळ्या बाळांसाठी. बाळ झोपेतून उठतं, मान खाली जाते, दोन्ही हात फेकले जातात, गुडघे पोटाशी येतात. क्षणभर सैल पडतं, की पुन्हा तेच, ओळीने वीस-तीस वेळा. घरचे म्हणतात, दचकतंय, गॅस झाला असेल. तोवर ते ओळखीचं हसणंही विसरू लागतं.

अर्धा मेंदू काढतात? १९५० साली जोहान्सबर्गचे सर्जन क्रायनॉ यांनी आपल्या १२ रुग्णांची हकिकत छापली, तेव्हा खरोखर काढत. पुढे वर्षानुवर्षं त्या पोकळीत रक्त झिरपून माणसं दगावू लागली, म्हणून पद्धत बदलली. आता बहुतेक वेळा फिट जिथून उठते तो अर्धा भाग रक्तवाहिन्यांसकट जागेवरच ठेवतात, फक्त उरलेल्या मेंदूशी त्याची जोडणी तोडतात. तो धड असतो असंही नाही. कुणाचा गर्भातच बेढब वाढलेला असतो. किंमत मोजावी लागतेच: विरुद्ध बाजूच्या हाताला गुंडी लावणं जमत नाही, दोन्ही डोळ्यांना त्या बाजूचं दिसत नाही. पण बहुतेक मुलं चालतात. भाषेचं काम दुसरा अर्धा भाग उचलतो, आणि वय जितकं कमी तितकं ते सोपं. म्हणून 'पाच वर्षं थांबा' हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो.

औषधांचं म्हणाल तर, नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसात देऊनही फिट थांबली नाही, तर तिसऱ्याने थांबण्याची आशा थोडीच. दिल्लीच्या एम्समधल्या ११६ मुलांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभराने ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के फिटमुक्त होती, नुसत्या औषधांवरची ७ टक्के. ही सगळी तान्ही नव्हती, १८ वर्षांपर्यंतची होती. आणि ऑपरेशन झालेल्या ५७ पैकी १५ जणांना एका बाजूची कमजोरी आली, हेही त्याच अभ्यासात आहे.

फॉरवर्डमधला धोक्याचा धाक मात्र अगदीच पोकळ नाही. सहा किलोच्या बाळात रक्त असतं जेमतेम अर्धा लिटर, त्यामुळे भिजलेल्या प्रत्येक गॉजचा हिशेब ठेवावा लागतो. पुढे काहींच्या डोक्यात पाणी साठतं, ते काढून देणारी नळी (शंट) घालावी लागते. ड्रावेसारख्या जनुकीय आजारात तर असं ऑपरेशन करून उपयोगच नाही. म्हणून आधी एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी, म्हणजे फिटचं चित्रण करत मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद. दोन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तरच पुढची बोलणी.