मागचं पाखं, पुढचं पाखं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नाशिकच्या सिडकोतल्या वाचकांस,

सप्रेम नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, 'सिडकोतून एक वाचक' एवढीच सही केलीत, म्हणून असा मायना.

आमच्या त्र्यंबककडच्या घराच्या छपरावरची कौलं काढून पत्रा घातला त्यावर मी लिहिलं होतं, ते तुम्हाला अजिबात आवडलेलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चांगल्या कौलारू घराचं मी गोदाम केलं. आजोबांनी जन्मभर शाकारणी केली, म्हणजे पावसाआधी दरवर्षी कौलं परतली, नातवाला वर्षातून एकदा शिडी चढायचा कंटाळा. घरामागचा आंबा छाटला असता आणि मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) फवारणी केली असती तर कौलांवरचं शेवाळ गेलं असतं, आणि आता पत्र्यावरही शेवाळ धरेलच, तेव्हा निदान त्यावर तरी मोरचूद मारून घ्या. शेवटी, पत्रेवाल्याने किती दिले?

शेवटच्याचं उत्तर सोपं आहे. काही दिले नाहीत, उलट घाटरस्त्याचं कारण सांगून भाडं जास्त घेतलं. बाकीच्या टोमण्यांवरही मी गप्प बसलो असतो. पण त्या मोरचुदाच्या सल्ल्यावर खाली तीन जणांनी 'करून बघतो' असं लिहिलंय, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आधी गोदामाचं. चूक माझी आहे, मी फोटो मागच्या बाजूचा टाकला. लेखाच्या शेवटी लिहिलं होतं, पण तिथवर कोण जातं? पत्रा फक्त मागच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या मागच्या उतारावर आहे. पुढच्या, पूर्वेकडच्या पाख्यावर कौलंच आहेत. मागची काढलेली निवडून, वाजवून, पुढची फुटकी बदलली. चांगलं कौल बोटाने वाजवलं की खणखणतं, चीर गेलेलं बद्द वाजतं. दोन दिवस मी आणि आमचे काका अंगणात बसून हेच करत होतो. मडकी निवडणाऱ्या बायका हसतील इतक्या हळू.

एकाच घराला दोन छपरं का? पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो. फरक आहे तो वाळण्याचा.

तुम्ही शहरात राहता, आणि 'नाशिकचा पाऊस' म्हणून एकच एक गोष्ट नाहीये. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पडतो, तिकडे इगतपुरीला तीन हजारांच्या वर. तुम्ही रामकुंडावर जाऊन दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघता, ते पाणी आमच्याकडून आलेलं असतं. आणि आमच्या घराच्या पश्चिमेला डोंगर, त्याच्या पायथ्याला आजोबांच्याही आधीचा आंबा. पुढच्या पाख्यावर श्रावणात दोन तास जरी ऊन पडलं तरी कौलांतून वाफ निघताना दिसते. मागच्या पाख्याला मात्र सकाळी आढ्याची (दोन पाखी जिथे वर मिळतात त्या कण्याची) सावली, दुपारी आंब्याची आणि चारनंतर डोंगराची. मृगात भिजलेलं कौल दिवाळीपर्यंत हाताला ओलं लागायचं.

आता कौल पाणी पितं हे दोष म्हणून सांगत नाही, भाजलेल्या मातीचा तो स्वभावच आहे. मंगळुरी कौलांच्या भारतीय मानकात, आयएस ६५४ मध्ये, वरच्या प्रतीच्या कौलालाही वजनाच्या १८ टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे, त्याखालच्याला २० टक्के. अडीच किलोचं कौल धरलं तर पाऊण पावशेर नाही, जवळजवळ अर्धा किलो पाणी. चौरस मीटरला पंधराएक कौलं बसतात. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सहा-सात किलो पाणी चार महिने मुक्कामाला. ते आत टपकत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की छप्पर ठीक आहे. पण त्याच्याखालच्या रिपा, म्हणजे कौलं पेलणाऱ्या लाकडी पट्ट्या, ते पाणी सोसत असतात.

शेवाळाने यात भर पडते. ते मुळं खुपसून कौल फोडतं असं नव्हे. ते स्पंजासारखं पाणी धरतं, दोन कौलांच्या सांध्यात गादीसारखं वाढतं आणि वरच्या कौलाची कड किंचित उचलतं. मग वाऱ्याने मारलेलं पाणी त्या फटीतून उलटं वर चढतं. (परदेशी लेखांत शेवाळातलं पाणी गोठून कौल तडकतं असं सांगतात. आपल्याकडे तो प्रश्न नाही, आणि ते वाचून इथे घाबरायचंही कारण नाही.)

शाकारणीच्या कंटाळ्याबद्दल. आजोबांच्या वेळी अक्षय्यतृतीया झाली की शाकारणारे दोघे यायचे, रोहिणी सरायच्या आत दोन्ही पाखी परतून व्हायची. गेली सहा वर्षं मी ते केलंय, वाचकहो. शाकारणारे मिळत नाहीत म्हणून स्वतः केलंय. फुटणाऱ्या कौलांतली निम्मी वानरांची कृपा. अंजनेरीच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. आंब्यावरून थेट आढ्यावर उडी, मग रांगेने वळचणीपर्यंत. ज्येष्ठात चाळलेलं छप्पर आषाढात पुन्हा गळतं. तरीही वानरांसाठी मी कौलं उतरवली नसती. उतरवली ती सातव्या वर्षी, मागच्या पाख्यावर पाय ठेवला आणि रीप बिस्किटासारखी तुटली तेव्हा. खालचा सागाचा वासा बाहेरून साबूत होता. सुताराने टोचा मारला तर वळचणीकडचं हातभर टोक पोकळ. पुढच्या पाख्याचे वासे त्याच वयाचे, त्याच लाकडाचे, त्यांना टोचा शिरत नव्हता. छप्पर बदलायचा निर्णय मी घेतला असं म्हणणं खोटं आहे, तो त्या टोच्याने घेतला.

आणि कौल 'आपल्या मातीतलं' म्हणताना जरा थांबा. पणजोबांच्या वेळी या घरावर कुंभाराची नळीची कौलं होती. ती उतरवून मंगळुरी चढवली आजोबांनी. या कौलाची खाचेची घडण मुळात फ्रान्समधल्या अल्सासची, जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या मंडळींनी १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला तेव्हा ती आपल्याकडे पसरली. पणजोबा म्हणे बरेच दिवस नव्या छपराकडे मान वर करून बघत नसत. तुमचं आणि त्यांचं जमलं असतं.

आंब्याचं. घराला घासणाऱ्या फांद्या दरवर्षी काढतोच. पूर्ण आंबा तोडायचा तर तो १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतला आहे, परवानगी लागते, पण ती मिळाली असती तरी मी तोडला नसता. पश्चिमेचा वारा तो अंगावर घेतो आणि एप्रिलमध्ये मागची पडवी त्याच्यामुळेच बसण्याजोगी असते. शिवाय आंबा गेला तरी डोंगर राहतोच. तो छाटायला कोणाकडे अर्ज करायचा ते मला ठाऊक नाही.

आता मोरचूद.

शेवाळाला तांबं मारतं हे तुमचं बरोबर आहे. तुम्ही किंवा घरातलं कोणी बागाईतदार असणार, कारण नाशिकमध्ये छपराच्या शेवाळावर मोरचूद सुचवायला द्राक्षबागच पाठीशी लागते. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना : एक टक्क्याचं बोर्डो, बागेत बुरशीवर मारतात ते मिश्रण. कौलांवर मीही दोन वर्षं मारलं. पहिल्या वर्षी छान काळं पडून गळून गेलं, दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा हिरवं. कारण सावली आणि ओल तीच होती. तिसऱ्या वर्षी तारेच्या ब्रशने घासलं, तो त्याहून मोठा गाढवपणा. भट्टीत कौलाला वरून जी घट्ट साय धरते तीच खरवडून काढली, पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट धरलं. तिथून पुढे मोरचूद बंद केलं, कारण मागच्या पाख्याच्या पागोळ्या विहिरीच्या दिशेने वाहतात. विहिरीत मासे आहेत, आणि तांबं माशांना विष आहे.

पण कौलावर मोरचूद मारणं फार तर वाया जाईल. पत्र्यावर मारणं म्हणजे पत्र्याला भोक पाडणं. आणि याचा पुरावा तुमच्याच बागेत आहे. बोर्डो आपण लोखंडी किंवा जस्ताच्या पिंपात कालवत नाही, प्लास्टिकच्या टाकीत कालवतो. तयार झाल्यावर त्यात विळा किंवा चाकू बुडवून बघतो. पात्यावर लालसर थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. तो लालसर थर म्हणजे तांबं. पाण्यातलं तांबं पात्यावर बसतं आणि तेवढं लोखंड पाण्यात विरघळतं. तुमच्या माझ्या पत्र्यावर लोखंडाच्या वर जो मुलामा असतो तो जस्ताचा, किंवा जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचा. हे दोन्ही धातू तांब्यापुढे लोखंडापेक्षाही लवकर हार मानतात. तांब्याचा कण बसला, पाणी आहेच, की तिथे मुलामा खाल्ला जातो आणि मग गंज. रंगीत पत्रा असला तरी कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं उघडी असतातच. चुना पुरेपूर घातलेलं बोर्डोही नको, कारण पावसाने ते महिनोन् महिने थोडं थोडं सुटत राहतं, आणि चुन्याचा खार या मुलाम्याला वेगळाच त्रास देतो. याच कारणाने आढ्यावर तांब्याची पट्टी ठोकायची युक्ती कौलांपुरती ठीक, खाली पत्रा असेल तर नाही. ज्या तिघांनी 'करून बघतो' लिहिलंय त्यांनी कृपया करून बघू नये. पत्र्यावरची पानं मऊ खराट्याने दसऱ्याला आणि मृगाआधी झाडावीत, ओला पाचोळा कुजू देऊ नये. हिरवा थर दिसला तर पाणी आणि नरम ब्रश. तेवढं पुरतं, कारण पत्रा पाणी पीत नाही आणि शेवाळाला धरायला फारसं काही मिळत नाही.

तुमचं एक म्हणणं मात्र पूर्ण मान्य : आवाज. आषाढात मागच्या पडवीत शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नसे. खाली वीतभर पोकळी सोडून फळ्यांचं छत घातल्यावर तो अर्ध्यावर आला असेल, गेलेला नाही. त्या पोकळीला वळचणीला आणि आढ्याला दोन्हीकडे वारा वाहायला वाट ठेवलीय, जाळी लावून, नाहीतर उंदीर आणि वटवाघळं. कौलांच्या फटींतून घर आपोआप श्वास घेतं, पत्र्याला तो द्यावा लागतो. न दिल्यास पावसाळा संपल्यावर, आभाळ निवळलेल्या थंड रात्री पत्र्याला खालून घाम फुटतो आणि पाऊस नसताना थेंब पडतात. लोक मग स्क्रू आवळत बसतात. उकाड्याचा तुमचा मुद्दा सिडकोतल्या उघड्या गच्चीवरच्या पत्र्याला शंभर टक्के लागू आहे. आंब्याखाली नाही.

वजनाचंही एक, कारण ते मला कोणी सांगितलं नव्हतं. बांधकामाच्या हिशेबात मंगळुरी कौलं रिपांसकट चौरस मीटरला पासष्टेक किलो धरतात, पत्रा पाचेक. कौलारू छप्पर स्वतःच्या भाराने बसून राहतं, पत्र्याला वारा खालून उचलतो. तेव्हा वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधावे लागले. आणि पत्रे उत्तरेच्या टोकाकडून बसवत आणले, म्हणजे प्रत्येक सांध्याची उघडी कड नैऋत्येच्या वाऱ्याला पाठ करून राहते. मिस्त्री दक्षिणेकडून सुरू करत होता, ट्रक तिथे उभा होता एवढ्याच कारणाने.

एक खरी चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. एका बाजूला कौल, दुसऱ्या बाजूला पत्रा, मग आढ्यावर काय? आम्ही जुनी आढ्याची कौलं सिमेंटमध्ये बसवली. पाच मीटरचा पत्रा ऊन-गारव्यातल्या चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे अडीच मिलिमीटर लांबतो-आखडतो. सिमेंट तसं करत नाही. हिवाळा-उन्हाळा जाऊन पहिला पाऊस आला आणि बरोबर मधल्या खोलीत, देवघरावर, धार लागली. सिमेंटला केसाएवढी चीर, सबंध लांबीची. ते फोडून पत्र्याची वाकवलेली पट्टी आढ्याच्या कौलांखाली सरकवली, पत्र्याच्या बाजूला मोकळी ठेवली. यंदा अजून तरी कोरडं आहे. पण आजोबांनी हे मला करू दिलं नसतं हे खरं, आणि त्याबद्दल तुम्ही चार शब्द आणखी सुनावले असते तर मी ऐकून घेतले असते.

निवडून उरलेली दोनेकशे कौलं गोठ्यात रचून ठेवलीत, सगळी खणखणीत वाजणारी. तुमच्या गावाकडच्या घराला लागत असतील तर घेऊन जा, पैसे नकोत. श्रावणात आलात तर पुढच्या ओट्यावर बसू. मागे बसलो तर तुम्ही भांडाल आणि मला काहीच ऐकू येणार नाही.