आईचं नाव आणि एका वर्षाची मुदत

महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. त्या दिवसांत घरी फोन केला की हाच विषय निघायचा. काका म्हणायचे नाव लांबवून काय होणारे, बायकांना जमिनीत वाटा द्या, सारखा पगार द्या. बहीण म्हणायची नऊ महिने कोणी काढले, मग नाव नको? मी इकडे इंग्लंडमध्ये बसून दोघांचं ऐकायचे आणि वाटायचं की दोघंही याला मानाचा प्रश्न समजतायत. मलाही आधी तसंच वाटायचं. पण माझी लेक इथे झाली आणि कळलं की कागदावर आई कुठे लिहिलीय, तिचं किती चालतं, यावर मूल कुठल्या देशाचं हेसुद्धा ठरू शकतं.

माझ्या आत्याचंच बघा. ती लग्न करून इथे आली, नवरा इथलाच, मुलगा झाला १९८९ साली. आत्याने भारतीय पासपोर्ट कधीच सोडला नाही, तरी तिचा मुलगा भारतीय होऊ शकला नाही, कारण १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्यात भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व फक्त वडिलांकडून मिळायचं. म्हणजे हेच काकाने इथल्या मुलीशी लग्न केलं असतं तर त्याचं मूल भारतीय, आणि सख्ख्या बहिणीचं मात्र परकं. आजीला हे शेवटपर्यंत पटलं नाही, नातवाला आजोळी यायला व्हिसा कशाला लागतो असं ती दर वेळी विचारायची आणि आत्याकडे उत्तर नसायचं. तो कायदा बदलला १० डिसेंबर १९९२ पासून, तेव्हापासून आई किंवा वडील कोणीही एक भारतीय असलं तरी चालतं. आत्याच्या मुलाला त्याचा काही उपयोग नव्हता, तो आधीच जन्मला होता.

इकडचे लोक फार पुढारलेले होते असंही नाही. ब्रिटिश बाईला परदेशात मूल झालं तर तिच्याकडून त्याला जन्मतः नागरिकत्व मिळायला १ जानेवारी १९८३ उजाडावा लागला. आणि इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरीच्या वडिलांचं नाव नि धंदा लिहायचे, आईचं नाव यायला लागलं ४ मे २०२१ पासून, म्हणजे महाराष्ट्राच्या निर्णयाच्या जेमतेम तीन वर्षं आधी. तेव्हा काका 'तिकडे बघ कसं असतं' म्हणाले की मी त्यांना हे सांगते.

जन्माच्या नोंदीत मात्र इथे आई पहिल्यापासून आहे. बाळ झाल्यावर ४२ दिवसांच्या आत जाऊन नोंद करायची असते. आम्ही पाचव्या आठवड्यात गेलो, लेक मांडीवर झोपलेली, आणि रजिस्ट्रार बाईंनी मला माझं माहेरचं आडनाव विचारलं, एकेक अक्षर टाइप केलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवून म्हणाल्या नीट वाचा, नंतर दुरुस्ती अवघड जाते. लग्नानंतर मी स्वतःच जे आडनाव कुठे लिहित नव्हते ते तिथे लेकीच्या नावाखाली उमटलं, मला भरून आलं. पण त्या नोंदीचे दाखले दोन प्रकारचे मिळतात, छोटा आणि पूर्ण. छोट्यावर आईवडिलांची नावंच नसतात. आम्ही गडबडीत छोटा घेऊन घरी आलो आणि भारतीय पासपोर्टची तयारी करायला बसल्यावर कळलं की या कागदावरून ही कोणाची मुलगी तेच सिद्ध होत नाही. पूर्ण दाखला मागवला तेव्हा पुढचं सुरू झालं.

कारण आईवडील भारतीय म्हणजे मूल आपोआप भारतीय, हा समज चुकीचा आहे आणि तो आपल्याकडे अगदी शिकलेल्या लोकांतही आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांनी लेखी द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. इकडे ब्रिटननेही १९८३ पासून नुसत्या जन्मावर नागरिकत्व देणं बंद केलंय, आम्ही दोघं वर्क व्हिसावर, म्हणजे नोंद होईपर्यंत माझी लेक कुठल्याच देशाची नव्हती. २०१७ मध्ये इथल्या हायकोर्टानेही एका अशाच मुलीच्या केसमध्ये तेच म्हटलं, भारतात नोंद नाही म्हणून ती भारतीय नाही, ती राज्यविहीन आहे, म्हणजे कुठल्याच देशाची नागरिक नाही. 'आपलंच रक्त आहे, कागद कशाला' असं आपण म्हणतो, पण कायदा रक्त बघायला येत नाही.

हे सगळं आता परत डोक्यात घोळतंय ते एका मैत्रिणीमुळे. नवरा-बायको दोघं भारतीय, बाळ चार महिन्यांचं असताना तो घर सोडून गेला, सही करायला तयार नाही, फोन उचलत नाही. परवा तिच्याकडे गेले तर टेबलावर बाळाच्या भारतीय नोंदीचा अर्ज पसरलेला, तिची सही झालेली, पूर्ण दाखला जोडलेला, आणि वडिलांच्या सहीची चौकट रिकामी. तिला सांगण्यात आलंय दोघांची सही लागेल. कायद्यातले शब्दही तसेच आहेत, 'पालकांनी' जाहीर करावं. आता बघा, नागरिकत्व एका पालकाकडून मिळतं हे १९९२ पासून मान्य, पासपोर्टच्या अर्जात एकाच पालकाचं नाव दिलं तरी चालतं हे परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केलंय, मग परदेशातल्या जन्मनोंदीलाच दोघं कशाला हवेत?

यामागची भीती मला कळते. एका पालकाने मुलाचा इकडचा पासपोर्ट काढायचा आणि दुसऱ्याने तिकडचा, असं होऊ शकतं, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पण सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व सोड, नाहीतर भारतीय राहणार नाहीस, अशी तरतूद याच कायद्यात आहे. खोटं लिहून देणाऱ्या पालकावर कारवाई करा की. मुदतीचं ओझं त्या बाळावर का, ज्याला अजून बसतासुद्धा येत नाही? माझं म्हणणं एवढंच आहे की एका पालकाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरा आणि ती एका वर्षाची अट काढा, नोंद उशिरा झाली तर उशिरा झाली, हक्क तोच.

काकांना फोनवर हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मग त्या पोरीचं आता काय? बाळाला अकरावा महिना लागलाय. गुरुवारी मी सुट्टी घेतलीय, तिच्याबरोबर परत वकिलातीत जाणार आहे, या वेळी नवऱ्याला पाठवलेल्या मेसेजच्या सगळ्या प्रिंट काढून आणि तो घर सोडून गेल्याचं तिचं प्रतिज्ञापत्र घेऊन.